सोलच्या बेस लाइन्सचा अभ्यास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेस गिटार हातात घेऊन वर्ष-दोन वर्षं झालेली माणसं जे प्रश्न हमखास विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. मी नोकरी सांभाळून बेस वाजवणारा माणूस आहे, संगीताचा प्राध्यापक नाही. तेव्हा उत्तरांत जिथे मत दिसेल तिथे ते मत म्हणूनच घ्या आणि गाणं स्वतः ऐकून खात्री करा.

सोल म्हणजे नेमकं कोणतं संगीत? आणि बेस शिकायला तेच का?

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं गॉस्पेल गाणं आणि बाजारात चालणारं ऱ्हिदम अँड ब्लूज यांचा १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात संसार जमला, त्याला पुढे सोल म्हणू लागले. डेट्रॉइट, मेम्फिस, अलाबामातलं मसल शोल्स, फिलाडेल्फिया ही त्याची मुख्य गावं.

बेसवाल्यांनी तिकडे वळण्याचं कारण वाद्याच्या वयात आहे. फेंडर या गिटार कंपनीने ‘प्रिसिजन’ हा इलेक्ट्रिक बेस १९५१ मध्ये बाजारात आणला. तोवर बेस म्हणजे माणसापेक्षा उंच, उभं वाद्य. ड्रम आणि ब्रास पेटले की ते बुडालंच. साठच्या दशकात सोल बहरलं तेव्हा इलेक्ट्रिक बेस जेमतेम दहा वर्षांचा होता. घराणं नाही, गुरू नाही, ‘असं वाजवायचं नसतं’ म्हणणारे वडीलधारे नाहीत. या वादकांनी वाजवत वाजवतच त्या वाद्याचं व्याकरण घडवलं. आज कुठल्याही पॉप गाण्यात बेस ऐकाल, त्याची मुळं बहुधा त्या दहा-बारा वर्षांत सापडतात.

सुरुवात कोणत्या गाण्यापासून करू?

टेम्प्टेशन्सचं ‘माय गर्ल’ (१९६४). सुरुवातीला बेस एकटाच, मोजक्या स्वरांत, छातीच्या ठोक्यासारखा. मग त्यावर रॉबर्ट व्हाइटची गिटारची चढती ओळ येते. ती ओळ ऐकताच आपल्याकडचा माणूस म्हणेल, अरे हा तर भूप! खरंच, सा रे ग प ध सा, तेवढेच स्वर.

दुसरं घ्या ‘आय विल टेक यू देअर’ (१९७२), स्टेपल सिंगर्सचं. अख्ख्या गाण्यात सी आणि एफ असे दोनच कॉर्ड. बोटांना काहीच त्रास नाही, म्हणून सगळं लक्ष लयीवर देता येतं. तिसरं, सुप्रीम्सचं ‘यू कान्ट हरी लव्ह’ (१९६६). तिथेही सुरुवात बेस आणि खंजिरीची.

मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ला पहिल्याच महिन्यात हात घालू नका. सगळे घालतात, मीही घातला होता.

एखादी लाइन ‘महान’ आहे हे ठरवायचं कशावरून?

हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, म्हणून थोडं सविस्तर.

नवा वादक लाइन ऐकतो तेव्हा स्वर मोजतो. कुठला फ्रेट, किती स्वर, किती वेगात. पण सोलमधल्या बऱ्याच लाइन्स सा, प, ध, कोमल नी आणि वरचा सा एवढ्यातच संपतात. हेच स्वर कुणीही वाजवू शकतो, तरी गाणं उभं राहत नाही. याचं उत्तर मला फार उशिरा सापडलं: स्वर सुरू कुठे होतो हे आपण काटेकोर पाहतो, तो संपतो कुठे हे कुणी पाहतच नाही.

एक प्रयोग करा. ‘आय विल टेक यू देअर’ची लाइन पाठ झाली की ती दोन प्रकारे वाजवा. एकदा प्रत्येक स्वर पुढच्या स्वराला भिडेपर्यंत लांबवा. मग दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर (ड्रमसेटमधला कडक आवाजाचा ड्रम) पडते त्या क्षणी डाव्या हाताचं बोट किंचित उचलून स्वर बंद करा. बोटं तीच, फ्रेट तेच. पहिल्या वेळी पाण्यात चालल्यासारखं वाटेल, दुसऱ्या वेळी खोलीतल्या माणसाचा पाय हलायला लागेल. स्नेअरसाठी बेसने जागा करून दिली, इतकंच घडलं.

तबलजींना हे सांगावं लागत नाही. डग्ग्यावर तळवा कधी दाबायचा आणि कधी सोडायचा, यातच ठेक्याची लज्जत असते हे त्यांना लहानपणापासून ठाऊक असतं. बेसवाल्याचा डावा हात हा तो तळवा आहे.

मग बाकीच्या गोष्टी येतात: समेच्या अर्धी मात्रा आधीच स्वर टाकून पुढच्या आवर्तनात ढकलणं, एका कॉर्डवरून दुसऱ्यावर जाताना मधला कोमल-तीव्र स्वर पायरीसारखा वापरणं, गायक थांबतो तिथे दोन शब्द बोलणं. पण माझा क्रम विचाराल तर स्वराची लांबी पहिली, जागा दुसरी आणि स्वर तिसरा.

सगळे जेमरसनचंच नाव घेतात. एवढं काय आहे त्याच्यात?

जेम्स जेमरसन, जन्म १९३६, साउथ कॅरोलायनातल्या एडिस्टो बेटावर. १९५४ मध्ये डेट्रॉइटला आला, शाळेत उभा बेस शिकला, जॅझ क्लबांत वाजवू लागला आणि मग मोटाउन या तिथल्या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत स्थिरावला. साठच्या दशकातली मोटाउनची बहुतेक मोठी गाणी त्याच्या हाताखालून गेली. १९८३ मध्ये लॉस एंजेलिसला वारला. हयातीत त्याचं नाव सामान्य श्रोत्याला ठाऊकही नव्हतं, कारण मोटाउन रेकॉर्डवर वादकांची नावं छापतच नसे. १९७१ च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ अल्बमवर ती छापली गेली, तेव्हा त्याच्या नावामागे ‘अतुलनीय’ असं विशेषण होतं.

आता वाजवण्याकडे येऊ. जॅझमधून आलेला असल्यामुळे त्याच्या डोक्यात कॉर्ड म्हणजे थांबण्याची जागा नसून जाण्याची वाट असते. तो सरळ सा वर उतरत नाही. खालून अर्ध्या स्वराने चढतो, वरून घसरतो, कधी सा सोडून ग किंवा प वरच बसतो, आणि त्यामुळे वरचे सूर तेच असूनही कॉर्डचा रंग बदलतो. स्टीव्ही वंडरचं ‘फॉर वन्स इन माय लाइफ’ (१९६८) ऐका. शेजारच्या दोन ओळी एकसारख्या सापडणं कठीण, तरीही गाणं एकदाही घसरत नाही. फोर टॉप्सचं ‘बर्नाडेट’ (१९६७) ऐका. तिथे बेस जणू गाण्याखाली दुसरं गाणं म्हणतोय. जॅक्सन फाइव्हचं ‘डार्लिंग डिअर’ (१९७०) तर मी अजून पूर्ण वाजवू शकत नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही.

दुसरी गोष्ट मोकळ्या तारांची. शिकवताना आपल्याला सांगतात की मोकळी तार टाळा, आवाज वेगळा येतो. जेमरसन मुद्दाम मोकळी तार छेडतो आणि ती वाजत असतानाच डावा हात नव्या जागी नेतो. उभ्या बेसवर हात दूरवर न्यावे लागतात, तिथली ही सवय. म्हणून त्याच्या लाइन्स कागदावर विचित्र दिसतात आणि हातात आल्या की सोप्या वाटतात. (सोप्या म्हणजे त्या मानाने.)

तिसरी गोष्ट म्हणजे आवाज. १९६२चा प्रिसिजन, जाड फ्लॅटवाउंड (सपाट गुंडाळीच्या, गुळगुळीत) तारा, तारांची उंची इतकी की इतरांना वाजवणं जड जावं, आणि ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा तुकडा. फोममुळे स्वर डग्ग्यासारखा घुमतो आणि लगेच विरतो. म्हणजे पुन्हा तेच: तो इतके स्वर वाजवतो तरी चिखल होत नाही, कारण प्रत्येक स्वर वेळेवर मरतो.

जेमरसनने ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ जमिनीवर झोपून वाजवलं, हे खरं?

असं सांगितलं जातं खरं. मार्विन गेने त्याला कुठल्याशा क्लबातून उचलून आणलं, त्याला धड बसवत नव्हतं, म्हणून त्याने पाठीवर पडून वाजवलं, अशी गोष्ट आहे. गोष्ट छान आहे, पण तिच्या नादात लोक गाणं ऐकायचं विसरतात. ई मेजर सेव्हन्थवर तो केवढा निवांत आहे, सी शार्प मायनर आला की तो कसा आधीच तिथे पोहोचलेला असतो, ते ऐका. आणि झोपून वाजवायचा प्रयत्न करू नका. मानेला रग लागते, बाकी काही होत नाही.

मोटाउन आणि स्टॅक्स यांच्या बेसमध्ये इतका फरक का?

माझं उत्तर असं: खोल्या वेगळ्या, आणि खोलीत गायक आहे की नाही हे वेगळं.

मोटाउनचा स्टुडिओ डेट्रॉइटच्या वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवर, २६४८ क्रमांकाच्या राहत्या घरात होता. मोटाउनचा संस्थापक बेरी गॉर्डीने ते घर १९५९ मध्ये घेतलं. छतावरून केबल लोंबकळत असत म्हणून वादक त्या खोलीला ‘स्नेक पिट’ म्हणत, सापांचा खड्डा. बेस आणि गिटार अँप्लिफायरसमोर माइक न ठेवता थेट मिक्सरला जोडत. तिथे बहुतेक वेळा आधी वादकांचा ट्रॅक व्हायचा आणि गायकाचा आवाज नंतर चढायचा. वादकांसमोर कॉर्ड लिहिलेला कागद असे. बऱ्याचदा गाण्याचे बोल काय हेसुद्धा ठाऊक नसे. विचार करा, समोर गाणं नाहीच. मग बेसवाला काय करणार? तोच गाऊ लागला. जेमरसनच्या लाइन्स इतक्या गेय आहेत याचं एक कारण मला हे वाटतं.

मेम्फिसला स्टॅक्स ही रेकॉर्ड कंपनी होती मॅकलेमोर अव्हेन्यूवरच्या एका जुन्या चित्रपटगृहात, कॅपिटल थिएटरमध्ये. खुर्च्या काढल्या, पण प्रेक्षागृहाचा उतार तसाच राहिला. पडद्याच्या जागी, रंगमंचावर कंट्रोल रूम. त्या मोठ्या हॉलमध्ये गायक, ब्रास, ऑर्गन, ड्रम सगळे एकदम वाजवत, एकमेकांच्या तोंडाकडे बघत. ओटिस रेडिंग समोर उभा राहून गातोय, पाय आपटतोय. अशा वेळी बेसवाल्याने कशाला बडबड करायची? डोनाल्ड ‘डक’ डन तशी करत नाही. तो जमीन धरून ठेवतो.

दोन्ही शाळा उत्तम. पण एका शाळेचं वाजवणं दुसऱ्या शाळेच्या गाण्यात नेलं की पंचाईत होते. बँडमध्ये गायक जोरकस असेल तर डनसारखं वाजवा. गायक कच्चा असेल तर जेमरसनही वाचवू शकणार नाही, पण निदान लोक बेस ऐकतील.

डक डन फार सोपा वाटतो. त्यात शिकण्यासारखं काय?

ज्याला तो सोपा वाटतो त्याने ‘इन द मिडनाइट अवर’ (१९६५) सलग अडीच मिनिटं मेट्रोनोमशिवाय वाजवून दाखवावं.

त्या गाण्याची गंमत अशी. अटलांटिक रेकॉर्ड्सचा जेरी वेक्सलर स्टुडिओत आला आणि त्या काळच्या ‘जर्क’ नावाच्या नाचाची चाल वादकांना प्रत्यक्ष नाचून दाखवू लागला. ड्रमर अल जॅक्सन ज्युनियर आणि गिटारवादक स्टीव्ह क्रॉपर यांनी ते पाहून दुसरी आणि चौथी मात्रा अगदी किंचित उशिरा टाकली. किंचित म्हणजे इतकी की मोजता येत नाही, पण अंगाला कळते. आता बेसने काय करायचं? तोही मागे सरकला तर गाणंच मंदावेल, पुढे धावला तर तो उशीर चूक वाटेल. डन आपल्या जागी ठाम उभा राहतो आणि त्या ठामपणामुळेच स्नेअरचा उशीर सुंदर लागतो. याला मी अभ्यास म्हणतो.

‘सोल मॅन’ (१९६७), ‘होल्ड ऑन, आय ॲम कमिन’ (१९६६) हीसुद्धा त्याचीच. ‘द डॉक ऑफ द बे’मध्ये सी पासून ए पर्यंत बी, बी फ्लॅट अशा पायऱ्यांनी तो उतरतो, चार स्वरांत खाडीची ओहोटी. स्टॅक्सच्याच बुकर टी. अँड द एमजीज या बँडचं ‘ग्रीन अनियन्स’ (१९६२) मात्र त्याचं नाही. त्यावर लुई स्टाइनबर्ग आहे. डन त्या बँडमध्ये नंतर आला. डन २०१२ मध्ये टोकियोत वारला, वादनाच्या दौऱ्यावर असतानाच.

टॅब बघून शिकलो तर बिघडलं कुठे?

टॅब म्हणजे तारा आणि फ्रेटचे आकडे लिहिलेला कागद; तो तुम्हाला बोट कुठे ठेवायचं ते सांगतो. किती वेळ ठेवायचं ते सांगत नाही, आणि या संगीताचा जीव त्यातच आहे. शिवाय इंटरनेटवरचे पुष्कळ टॅब चुकीचे असतात. मी ‘आय वॉज मेड टू लव्ह हर’ अशाच एका टॅबवरून चार महिने बसवलं. नंतर मूळ रेकॉर्डबरोबर वाजवायला बसलो तेव्हा कळलं की मोकळ्या तारा जिथे हव्यात तिथे टॅब लिहिणाऱ्याने नेटकेपणाने पाचवा फ्रेट दिला होता. चार महिन्यांची सवय मोडायला आठ लागले.

छापील साहित्यात एक अपवाद: अॅलन स्लट्स्कीचं ‘स्टँडिंग इन द शॅडोज ऑफ मोटाउन’ (१९८९). त्यात जेमरसनचं चरित्र आहे आणि लाइन्सचं नोटेशनही. त्यावर त्याच नावाचा माहितीपटही २००२ मध्ये आला. पुस्तक घ्या, पण कानाने उतरवून झाल्यावर ताळा पाहण्यासाठी उघडा.

मग कानाने उतरवायची पद्धत काय?

माझी पद्धत सांगतो. गिटार कोपऱ्यात ठेवायची. गाणं लावायचं आणि बेस तोंडाने म्हणायचा: दुं, दुदुं, दं. जिथे तोंड अडखळतं तिथेच बोटही अडखळणार आहे, हे पक्कं समजा. दोन-तीन दिवस, बसमध्ये, स्वयंपाक करताना, कुठेही. पूर्ण गाणं बेसच्या आवाजात म्हणता आलं की मग गिटार उचलायची.

पहिल्या फेरीत फक्त प्रत्येक आवर्तनाचा पहिला स्वर शोधा. दुसऱ्या फेरीत कॉर्ड बदलण्याआधीचा शेवटचा स्वर, कारण सोलमध्ये वादकाची खरी बुद्धी तिथे दिसते. मधलं आपोआप भरत जातं. वेग पाऊणपट करायला हरकत नाही. अर्ध्यावर मात्र लय मरते आणि आपण सुटे स्वर ऐकत बसतो. हल्ली गाण्यातून बेस वेगळा काढून देणारी ॲप आहेत, तीही वापरा. फक्त बेस एकटा ऐकून उतरवला की लगेच तो ड्रमसोबत ऐका, नाहीतर पाडव्याची गुढी काठीशिवाय बघितल्यासारखं होतं.

वहीत मी नोटेशनच्या शेजारी सरगम लिहितो. रूटला, म्हणजे कॉर्डच्या मूळ स्वराला, सा मानून. मग दहा गाणी वेगवेगळ्या पट्टीत असली तरी ‘सा, प, ध, प’ ही एकच चाल किती जणांनी किती तऱ्हांनी वापरली ते एका नजरेत दिसतं.

माझी गिटार सुरात आहे, तरी रेकॉर्डशी जुळत नाही. असं का?

जुन्या टेपचा वेग नेहमी अचूक नसे, आणि कधी मुद्दाम वाढवतही. त्यामुळे गाणं दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी असू शकतं. ट्यूनर बाजूला ठेवा आणि रेकॉर्डला गिटार जुळवा. तानपुऱ्याला गळा जुळवतात तसंच.

मोबाइलवर बेस ऐकूच येत नाही.

येणार नाहीच. बेसची सर्वांत खालची मोकळी तार ई, तिची कंपनसंख्या सेकंदाला ४१ च्या आसपास. मोबाइलचा इवलासा स्पीकर इतका खोल जाऊच शकत नाही. तुम्ही ऐकता ते तिचे वरचे उपस्वर. साधे पण चांगले हेडफोन घ्या. साठच्या दशकातल्या काही स्टिरिओ मिक्समध्ये बेस एकाच कानात टाकलेला असतो. तसं गाणं मिळालं तर दुसरी बाजू बंद करून बसा, आयती शिकवणी.

जाता जाता, मोटाउनमध्येही मिक्स झाल्यावर ते छोट्या स्पीकरवर लावून बघत, कारण गिऱ्हाईक ते मोटारीतल्या रेडिओवर ऐकणार होतं.

प्रिसिजनच हवा का? तारा कोणत्या?

नको. जी आहे ती चालेल. पण एकच खर्च करायचा असेल तर फ्लॅटवाउंड तारांचा संच घ्या आणि मग त्या बदलू नका. जेमरसन तार तुटेपर्यंत बदलत नसे. जुन्या, मळलेल्या तारेतच त्याला हवा तो आवाज होता. फोमसाठी भांडी घासायचा स्पंज कापून ब्रिजजवळ तारांखाली सरकवा. टोनचं बटण निम्म्याखाली. एवढ्याने आठ आणे काम होतं, उरलेले आठ आणे बोटांत.

जेमरसन एकाच बोटाने वाजवायचा. मीही तसंच करू?

तो उजव्या हाताची फक्त तर्जनी वापरे, आणि त्या बोटाला ‘हुक’ म्हणत. एका बोटाने वाजवल्यावर प्रत्येक स्वराचा आघात सारखा राहतो, हा फायदा खरा. आठवडाभर करून बघा, कानाला फरक कळेल. पण कायमचं व्रत घेऊ नका. ‘एका बोटाने’ हा लोकांना सांगायला सोपा किस्सा आहे, म्हणून तो फार फिरला.

नोटेशन वाचता येणं आवश्यक आहे?

आवश्यक नाही, उपयोगी आहे. तालाचं नोटेशन तेवढं शिका.

मोटाउन आणि स्टॅक्सच्या पलीकडे कोणाला ऐकू?

टॉमी कॉगबिलपासून सुरुवात करा. मूळचा गिटारवाला, जॅझचा कान. अरिथा फ्रँकलिनच्या ‘रिस्पेक्ट’वर (१९६७) तोच आहे. हे गाणं आधी १९६५ मध्ये ओटिस रेडिंगने स्टॅक्समध्ये केलं होतं, डनच्या बेसवर. दोन्ही एकापाठोपाठ ऐका. तेच गाणं, दोन बेसवाले, आणि पुरुषाची मागणी बाईच्या तोंडी गेल्यावर खालची जमीनसुद्धा कशी बदलते ते पाहा. किंग कर्टिसच्या ‘मेम्फिस सोल स्ट्यू’मध्ये (१९६७) पाककृती सांगावी तसा एकेक वादक पातेल्यात पडतो, पहिला जिन्नस ‘अर्धा चहाचा कप बेस’, आणि तो कप कॉगबिलचा.

मसल शोल्सचा डेव्हिड हूड म्हणजे वर सांगितलेलं ‘आय विल टेक यू देअर’. त्यात मधे बेसला मोकळीक मिळते आणि मेविस स्टेपल्स गाता गाता डेव्हिडला नावाने हाक मारते. बेसवाल्याच्या नशिबी असं कौतुक क्वचित. या लाइनची सुरुवात ‘द लिक्विडेटर’ या १९६९ च्या जमैकन वाद्यगीताशी फार जुळते, तेही शोधून ऐका.

मेम्फिसमध्येच रॉयल स्टुडिओ, तेही पूर्वीचं चित्रपटगृह. तिथे निर्माता विली मिचेलच्या हाताखाली अल ग्रीनची गाणी झाली आणि हॉजेस कुटुंबातले तीन भाऊ वाजवायला: टीनी गिटारवर, चार्ल्स ऑर्गनवर, लिरॉय बेसवर. ‘लव्ह अँड हॅपिनेस’ (१९७२) मध्ये लिरॉय किती कमी वाजवतो ते बघा. मला विचाराल तर संयमाच्या बाबतीत हा माणूस सगळ्यांचा बाप.

चक रेनी (अरिथाचं ‘रॉक स्टेडी’, १९७१) आणि जेरी जेमट (तिचंच ‘थिंक’, १९६८) यांच्यासाठी एखादा रविवार राखून ठेवा. बॉब बॅबिट मोटाउनचा दुसरा बेसवाला, जेमरसनच्या सावलीत झाकलेला. ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ अल्बमवरची ‘मर्सी मर्सी मी’ आणि ‘इनर सिटी ब्लूज’ त्याची आहेत, आणि लोक ती बिनदिक्कत जेमरसनच्या खात्यावर टाकतात. विली वीक्सचा एकल भाग डॉनी हॅथवेच्या १९७२ च्या ‘लाइव्ह’ अल्बमवर, ‘एव्हरीथिंग इज एव्हरीथिंग’मध्ये आहे. बेस सोलोचा मला साधारण कंटाळा येतो. याचा येत नाही.

कोणत्या गाण्यावर कोणी वाजवलं यावर इतकी भांडणं का होतात?

नावं छापली नाहीत, हे मूळ कारण. एकाच गाण्याचे अनेक टेक होत, कधी दुसऱ्या शहरात पुन्हा रेकॉर्डिंग होई, आणि १९७२ मध्ये मोटाउनने आपलं बस्तानच लॉस एंजेलिसला हलवलं. कागदपत्रं अपुरी, आठवणी पन्नास वर्षं जुन्या. त्यामुळे ज्या गाण्यावर वाद आहे तिथे मी नाव न लिहिता लाइन उतरवतो. मात्र एक सांगतो, शंभरेक गाणी ऐकल्यावर माणसाचा हात ओळखू येतो. फोनवर घरचा आवाज ओळखतो तसा.

तबला किंवा हार्मोनियम शिकलेल्याला याचा फायदा होतो का?

होतो, आणि एका ठिकाणी अडतंही. फायदा असा की सम, खाली, आवर्तन या कल्पना अंगात मुरलेल्या असतात, आणि केरव्यात वाढलेल्या माणसाला चार मात्रांचा फेर नवा नसतो. अडतं टाळीच्या जागेवर. आपला हात पहिल्या मात्रेवर पडायला शिवशिवतो. सोलची टाळी दुसऱ्या आणि चौथ्यावर आहे. मेट्रोनोम निम्म्या वेगावर लावा आणि त्याची टिकटिक दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर पडतेय असं धरून वाजवा. पहिले चार दिवस तो हमखास पलटून पहिल्या-तिसऱ्यावर जातो. पाचव्या दिवशी जात नाही.

एकाच कॉर्डवर अख्खं गाणं असेल तर बेसने करायचं काय?

टेम्प्टेशन्सचं ‘पापा वॉज अ रोलिंग स्टोन’ (१९७२) ऐका. अल्बमवर जवळजवळ बारा मिनिटं, सगळं बी फ्लॅट मायनरवर. गायक तोंड उघडेपर्यंत चार मिनिटं होत येतात. बेस एक छोटा तुकडा टाकतो आणि गप्प बसतो, पुन्हा टाकतो, पुन्हा गप्प. ती शांतता लाइनचाच भाग आहे. मोजून पाळावी लागते. याच गाण्याने मला पहिल्यांदा थांबायला शिकवलं.

जेम्स ब्राउनकडे हीच वाट फंकला जाते. ‘कोल्ड स्वेट’ (१९६७), बेसवर बर्नार्ड ओडम. ब्राउनचा सगळा भर पहिल्या मात्रेवर, तिला तो ‘द वन’ म्हणे. आपल्या भाषेत सांगायचं तर त्याने सोलला सम दिली. १९७० मध्ये बूट्सी कॉलिन्स त्याच्याकडे आला तेव्हा तो विशीतही नव्हता. पण हा वेगळा विषय झाला.

आपल्याकडच्या फिल्मी गाण्यांत हे ऐकू येतं का?

सत्तरच्या दशकातल्या मुंबईच्या वाद्यवृंदांत गोव्याचे पुष्कळ वादक होते, पाश्चात्त्य संगीत वाचणारे आणि वाजवणारे. राहुलदेव बर्मन यांच्याकडे बेसवर टोनी वाझ असत. बर्मनांची त्या काळातली गाणी हेडफोन लावून, फक्त खाली कान ठेवून ऐका. कोण कोणाकडून काय शिकलं याच्या चर्चेत मी पडत नाही. बेस मात्र ऐकण्यासारखा आहे.

एका गाण्याला किती दिवस द्यायचे? झालं हे कधी म्हणायचं?

माझी कसोटी अशी. घरातलं कुणीतरी, ज्याला बेसशी काही देणंघेणं नाही, शेजारच्या खोलीत काम करतंय. तुम्ही रेकॉर्डशिवाय, ड्रमशिवाय, नुसती लाइन वाजवा. तिकडून गुणगुणणं ऐकू आलं तर झालं. माझ्याकडे ‘माय गर्ल’ला तीन आठवडे लागले. ‘डार्लिंग डिअर’च्या वेळी अजून तिकडून फक्त कुकरची शिट्टी ऐकू येते.